पोरांचा खेळ आणि थोरांचा कांगावा

आमच्या समाजाला खेळाचे वावडे आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. वावडे आहे ते दुसऱ्याच्या खेळाचे. आणि हा दुसरा वयाने लहान असला, त्याला मत नसले आणि त्याच्या खिशात स्वतःचा पैसा नसला, म्हणजे त्या वावड्याला आम्ही संस्कार हे नाव देतो. सध्या ही संस्कारांची तोफ व्हिडिओ गेमवर रोखलेली आहे. पालकसभा असो, सप्ताहातले कीर्तन असो की दहावीच्या मुलांचा निरोपसमारंभ असो, 'आजची पिढी मोबाइलमध्ये डोके घालून बसली आहे' हे वाक्य आल्याखेरीज भाषण पुरे होत नाही, आणि या वाक्याला टाळी पडली नाही असे मी आजवर पाहिलेले नाही. टाळी देणाऱ्यांत ती मुलेही बसलेली असतात. इतके निमूट आरोपी कोणत्याही कोर्टाला मिळत नसतील. या आरोपींचे वकीलपत्र मी घेत आहे. मी स्वतः त्या खेळात दोन मिनिटांच्या वर टिकत नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझ्या हेतूविषयी शंका नको.

मी जुन्नर तालुक्यातल्या बेल्ह्याचा. कल्याणहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आळेफाट्याच्या पुढे हे गाव लागते. (सरकारदरबारी नगरचे आता अहिल्यानगर झाले आहे; आमच्या जिभेला अजून ते वळण पडलेले नाही.) दर सोमवारी येथे बाजार भरतो, आणि त्यातला बैलबाजार आसपासच्या तालुक्यांत नावाजलेला आहे. बैल म्हटला की जुन्नर-आंबेगावात बैलगाडा हा शब्द आपोआप तोंडी येतो. यात्रेच्या दिवशी घाटाच्या चढणीवर गाडा सुटतो, आरोळी उठते आणि काही सेकंदांत बारी संपते. त्या काही सेकंदांसाठी माणसे वर्षभर बैलाला खुराक घालतात, पाहुण्यारावळ्यांना जेवू घालतात, वेळप्रसंगी कर्जही काढतात. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींना मज्जाव केला, तेव्हा आमच्या तालुक्यांनी तो निमूटपणे मानला नाही. मोर्चे निघाले, निवडणुकांच्या सभांतून आश्वासने वसूल झाली, २०१७ साली विधिमंडळाने कायदा केला, १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने त्या कायद्यावर शिक्कामोर्तब केले.

या लढ्यात आमचे म्हणणे काय होते? हा आमचा खेळ आहे, यात आमचा जीव आहे, याच्यामुळे चार गावे एकत्र येतात, आणि बाहेरून पाहणाऱ्याला यातले काही कळत नाही. मला हा युक्तिवाद मान्य आहे. माझे म्हणणे एवढेच, की तो घाटाच्या पायथ्याशी थांबत नाही. तो घरात येतो, ओसरीवर बसलेल्या चौदा वर्षांच्या पोरालाही लागू पडतो. आणि नेमके तेथे घाटातून गुलाल माखून आलेला गृहस्थ त्या पोराला विचारतो, "या खेळानं पोट भरणार आहे का तुझं?" घाटात किती जणांचे पोट भरले, याचा हिशेब त्याने आधी मांडावा.

अशा कांगाव्याचा इतिहास आपल्याकडे मोठा आहे आणि तो फारसा अभिमानास्पद नाही. आमच्याजवळचे नारायणगाव तमाशाची पंढरी म्हणून ओळखले जाते. स्वातंत्र्यानंतर लगेचच्या वर्षांत मुंबई सरकारने याच तमाशावर बंदी आणली. पुढे छाननीच्या अटी घालून त्याला पुन्हा उभे राहू दिले. ज्या कलेने पोरे बिघडतात असे तेव्हा सांगितले जात होते, तिच्यातल्याच विठाबाई नारायणगावकरांच्या नावाने आज राज्य सरकार जीवनगौरव पुरस्कार देते. दुसरे उदाहरण पुण्याच्या डॉ. बा. वि. केसकरांचे. १९५२ साली ते केंद्रात नभोवाणीमंत्री झाले आणि सिनेमाच्या गाण्यांनी देशाची अभिरुची नासते या खात्रीने त्यांनी ती आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केली. केसकर विद्वान होते, संगीताचे खरे प्रेमी होते. त्यांच्या हेतूत खोट काढता येणार नाही. परिणाम मात्र असा झाला, की देशाने रेडिओची खुंटी सिलोनकडे फिरवली आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी त्याच आकाशवाणीला विविध भारती सुरू करून गाणी परत आणावी लागली. त्या गाण्यांवर पोसलेली पिढी आज आजोबा-आजी झाली आहे. ती बिघडली काय? आपल्याच नातवंडांना पुन्हा तेच ऐकवण्याइतकी ती विसराळू झाली, एवढे मात्र खरे.

आता मुख्य आक्षेपाकडे वळतो. मुलांनी मैदानावर जावे, मातीत खेळावे, झाडावर चढावे. हा आक्षेप घेणारे बहुधा पुण्या-मुंबईचे असतात, किंवा गावातले असले तरी आपल्या लहानपणाच्या गावात राहणारे असतात. सूरपारंब्या मीही खेळलो आहे, विटीने कपाळाला पडलेली खोक अजून दाखवू शकतो. पण ते गाव आता कोठे आहे? जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात धरणे झाली, कालवे आले, ऊस आला आणि उसात बिबट्या आला. तो आता डोंगरातून वाट चुकून येत नाही. उसातच जन्मतो, उसातच वाढतो. माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्र आहे, पिंजरे लागतात, बिबटे धरले जातात, पुन्हा दिसतात. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडच्या परिसरात बिबट्याने लहान मुलांचे बळी घेतले. लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखला. गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाणाऱ्या बायामाणसांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत आली. शेतीची वीज दिवसा द्या, रात्री पाणी धरायला जाताना जीव मुठीत धरावा लागतो, ही मागणी आमच्याकडे आता पिकाच्या भावाइतकीच जुनी झाली आहे.

अशा मुलखात दिवेलागणीनंतर मुलाला बाहेर कोण सोडील? सोडू नये. पण मग एकाच तोंडाने 'अंधार पडायच्या आत घरात ये' आणि 'घरात काय बसतोस, मैदानावर जा' असे दोन्ही हुकूम सोडणे, याला काय म्हणावे? शाळा पाच-साडेपाचला सुटते, मळ्यातल्या वस्तीवर पोहोचेपर्यंत उजेड कलतो, आणि शेजारची वस्ती दोन उसाच्या फडांपलीकडे असते. त्या मुलाला सवंगडी कोठून आणायचे? मैदान आम्ही घालवले. पाण्याच्या आणि पैशाच्या मोबदल्यात घालवले. तो सौदा वाईट होता असेही मी म्हणत नाही. परंतु त्याची किंमत मुलांनी मोजली, आणि त्यांनी आपल्यापुरती काही सोय शोधून काढली, तर तीच त्यांचा गुन्हा ठरावी?

ही सोय काय आहे, हे मी एकदा जवळ बसून पाहिले. शेजारच्या वस्तीवरचा नववीतला मुलगा. आईच्या फोनवर खेळत होता. खेळात चौघांचा गट. एक आळेफाट्याचा शाळासोबती. दुसरा भोसरीचा आतेभाऊ. त्याचे वडील कारखान्यात लागल्यापासून ते घर दिवाळीला आणि यात्रेलाच गावी येते. तिसरा मराठी न येणारा, कुठला तरी आसामचा. चौघे कानाला यंत्र लावून बोलत होते. उतरायचे कोठे, दारूगोळा कोणी उचलायचा, घर कोणी राखायचे, याची वाटणी चालली होती. एकाला गोळी लागली. तो सरपटू लागला. आमच्या पोराने आपली सुरक्षित जागा सोडली आणि उलट्या पावली मैदान ओलांडून त्याच्याकडे धावला. दोघेही मेले. डाव गेला.

"अरे, तू कशाला गेलास मागे? जिंकत होतास की!" मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे जरा नवलाने पाहिले. "गुरुजी, तो पडला हुता ना. पडलेल्याला उचलायला जायाचंच असतं."

मूल्यशिक्षणाच्या तासाला हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिले असेल, आणि ते कोणाच्या किती अंगी उतरले असेल, याचा विचार मी त्या दिवशी घरी येताना करीत होतो. तो मुलगा थोर आहे असे मला सुचवायचे नाही. दुसऱ्या डावाला त्याच आतेभावाला त्याने जी शिवी हासडली, ती या अंकात छापता येणार नाही. मुद्दा असा, की मैदानावर जे घडत असे ते सगळे, म्हणजे दोस्ती, कागाळी, हार पचवणे, पुन्हा उभे राहणे, पडलेल्याला हात देणे, हे तेथे घडत होते. भोसरीच्या आतेभावाशी त्याची जी ओळख आहे ती या खेळामुळे टिकून आहे. आम्हा मोठ्यांना तर भाऊबीजेखेरीज बहीण आठवत नाही. आसामच्या पोराशी तो हिंदी बोलत होता, आणि ती हिंदी माझ्या शाळेत त्याला साधली नव्हती. आणि हेही ध्यानात घ्यावे, की त्या खेळात अठरा वर्षांखालच्या मुलाला दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे. आमच्या घराघरांत संध्याकाळी सातपासून चालणाऱ्या मालिकांना अशी मर्यादा घालून घेण्याचे कोणाच्या मनात आल्याचे ऐकिवात नाही.

'पण त्यात मारामारी असते!' असते. ज्या जुन्नरने शिवनेरी पाहिली, तेथल्या माणसाने तरी या आक्षेपावर जरा दमाने घ्यावे. आपली पोरे दिवाळीत मातीचे किल्ले करतात, बुरूज लिंपतात, अळीव पेरून रान उगवतात, तोफा मांडतात आणि मावळ्यांकडून शत्रूची कत्तल करवतात. आजवर कोणा पालकाने किल्ला करणाऱ्या मुलाला हिंसक ठरवून वैद्याकडे नेले नाही. ठोकळ्यावर ठोकळा चढवून गावे वसवण्याचा माइनक्राफ्ट नावाचा जो खेळ आहे तो या किल्ल्याचाच सख्खा भाऊ होय. फरक एवढाच, की तो तुळशीच्या लग्नापर्यंत मोडावा लागत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या वसाहतविषयक संस्थेने २०१२ पासून हाच खेळ हाती घेऊन नैरोबीसारख्या शहरांतल्या रहिवाशांकडून त्यांच्या मोकळ्या जागांचे आराखडे करून घेतले. आमच्या बाजारतळाचा आराखडा एकदा नववीच्या वर्गाकडे सोपवून पाहावा. सोमवारी बैलांचे टेम्पो कोठे उभे करावेत हे तरी ते निश्चित सांगतील. राहिला हिंसेचा प्रश्न. २०१९ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी चौदा-पंधरा वर्षांच्या सुमारे हजार ब्रिटिश मुलामुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. खेळातली हिंसा आणि मुलांचे आक्रमक वागणे यांत त्यांना संबंध आढळला नाही. खेळातल्या चढाओढीने मूल चिडते, हे त्यांनी अमान्य केले नाही. चिडते तर कबड्डीतही.

वेळेच्या अपव्ययाविषयीही थोडे. २०११ साली एड्ससारखा रोग माकडांत घडवणाऱ्या विषाणूतील एका प्रथिनाची रचना सापडली. शास्त्रज्ञ त्या रचनेवर दहा वर्षांहून अधिक काळ अडले होते. 'फोल्डइट' नावाचा खेळ खेळणाऱ्या सामान्य लोकांनी ती घडी तीन आठवड्यांच्या आत बसवली. २००७ सालच्या एका अमेरिकन पाहणीत, दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांपैकी ज्यांनी आठवड्याला तीन तासांहून अधिक असे खेळ खेळले होते, त्यांच्या चाचणीत चुका सदतीस टक्क्यांनी कमी आढळल्या. ही पाहणी लहान होती, आणि खेळले की पोरगे सर्जन होते असा अर्थ कोणी काढू नये. पण हातात नांगर, करवत किंवा चाकू धरणाऱ्याला हाताची आणि डोळ्यांची जोडी किती महागाची असते, हे शेतकऱ्याला सांगावे लागू नये.

मुळात हे खेळ जन्मले कोठे? जुगाराच्या अड्ड्यावर नव्हे. १९५८ साली अमेरिकेच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या पदार्थवैज्ञानिकाने, प्रयोगशाळा पाहायला येणाऱ्या लोकांना कंटाळा येऊ नये म्हणून, मोजमापाच्या यंत्राच्या लहानशा पडद्यावर टेनिसचा खेळ मांडला. आमच्या शेजारी खोडदला तीस प्रचंड अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. तेथे २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनी प्रदर्शन भरते आणि शाळांच्या गाड्याच्या गाड्या लोटतात. तसलाच तो दिवस, तसलीच ती रांग. विज्ञानाच्या अंगणात जन्मलेल्या मुलाला कुलकलंक म्हणणाऱ्यांनी त्याची जन्मपत्रिका तरी पाहावी.

आता ज्या ठिकाणी खरा दोष आहे, तेथे बोट ठेवतो. कारण तो झाकून वकिली करण्याची माझी इच्छा नाही. पैसे लावून खेळायची रमी, पत्ते, क्रिकेटच्या नावाखालचे आकडे हे सगळे याच फोनमधून आले. सिनेनटांनी आणि क्रिकेटपटूंनी जाहिराती केल्या, आणि कांद्याची पट्टी हाती आलेल्या तरुणांनी त्या पट्टीचा चुराडा केला. त्या वेळी आमचे संस्कारवाले काय करीत होते? पोरांच्या बंदुकीच्या खेळावर प्रवचन देत होते. जुलै २०२५ मध्ये तत्कालीन कृषिमंत्री विधान परिषदेच्या सभागृहात मोबाइलवर रमी खेळत असल्याची चित्रफीत बाहेर आली. त्यांनी साफ इन्कार केला, ती जाहिरात होती असे सांगितले. खरे-खोटे त्यांचे त्यांना ठाऊक. महिनाअखेरीस त्यांचे कृषिखाते गेले आणि मिळाले ते क्रीडाखाते! आमच्या राज्यकर्त्यांना विनोदबुद्धी नाही असे कोण म्हणतो? त्याच्या पुढच्याच महिन्यात, ऑगस्ट २०२५ मध्ये, संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला. पैशाचा खेळ बेकायदा, आणि स्पर्धेचा व करमणुकीचा खेळ प्रोत्साहनास पात्र, असा भेद त्यात स्पष्ट केलेला आहे. दिल्लीला जो भेद कळला तो आमच्या पालकसभेला अजून कळू नये, हे दुर्दैव आहे.

व्यसनाचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या विकाराची नोंद आपल्या रोगसूचीत केली आहे. ती सूची १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. पण तिची लक्षणे वाचा: खेळावर ताबा न राहणे, जेवण-झोप-शाळा सगळ्यांहून त्याला वरचे स्थान मिळणे, नुकसान दिसत असूनही न थांबणे, आणि हे बहुधा बारा महिने टिकणे. ज्या घरांत हे घडले, ज्या घरांनी पोर गमावले, त्यांच्यापुढे मी मान खाली घालतो. तेथे वाद घालणे माणुसकीला धरून होणार नाही. त्यांना डॉक्टर हवा, आणि आमच्या तालुक्याच्या ठिकाणीही मुलांचे मन जाणणारा डॉक्टर शोधावा लागतो, यावर सभा घ्यावी. परंतु परीक्षा संपल्यावर चार तास खेळलेल्या प्रत्येक पोराला रोगी म्हणणे म्हणजे एकादशीला भूक लागलेल्याला खादाड म्हणण्यासारखे आहे.

या अंकाचे वाचक साहित्यप्रेमी आहेत, म्हणून त्यांच्याशी थोडे भांडण करतो. २०२० साली 'राजी' नावाचा एक खेळ जगभर प्रसिद्ध झाला. हरवलेल्या भावाच्या शोधात निघालेली एक मुलगी, देव-दानवांचे युद्ध, तिच्या हाती आलेला दुर्गेचा त्रिशूळ. कथेचे दुवे छायाबाहुल्यांच्या रूपाने सांगितलेले. पिंगुळीच्या बाहुल्या पाहिलेल्या माणसाला ही जातकुळी ओळखीची वाटेल. हा खेळ पुण्यात तयार झाला. २०२४ साली आलेला 'इंडस' हाही पुण्याचा. यात चित्रकार लागतात, संगीतकार लागतात, गणिती लागतात आणि कथाकारही लागतात. आमच्या नियतकालिकांतून सिनेमाची परीक्षणे येतात, नाटकांची येतात, पाककृतींचीसुद्धा येतात. या खेळांचे साक्षेपी परीक्षण माझ्या पाहण्यात नाही. बेल्ह्याच्या बांगरवाडीत आता अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे. तेथून शिकून निघणाऱ्या एखाद्या मुलाला सह्याद्रीतल्या घाटाचा, बैलगाड्याच्या बारीचा, उसातल्या बिबट्याचा खेळ रचावासा वाटला, तर त्याला मराठीत कथा लिहून कोण देणार? आपण तर त्या कलेच्या दारात उभे राहायलाही तयार नाही. २०२३ साली हांगचौला झालेल्या आशियाई स्पर्धांत कबड्डीची पदके होती आणि व्हिडिओ गेमचीही होती. कबड्डीला आपण एके काळी हुतुतू म्हणून नाक मुरडत होतो.

मी काय मागतो आहे? बापाने महिन्यातून एकदा पोराशेजारी बसून 'हे काय आहे, मला दाखव' म्हणावे. पैशाचा खेळ कोणता आणि बिनपैशाचा कोणता, हे शाळेने मुलांच्या आधी पालकांना शिकवावे. अनोळखी माणसाला नाव-गाव-फोटो द्यायचा नाही, हे सूरपारंब्यांच्या नियमासारखे पाठ करून घ्यावे. ग्रंथालयाच्या एका खोलीत चार यंत्रे मांडावीत; शेजारी कपाटे असली म्हणजे एखादे पुस्तकही हाताला लागेल.

आणि एक गोष्ट अजून कोणीच बोललेली नाही. हा सगळा वाद आपण मुलग्यांविषयी करीत आलो. त्या नववीतल्या पोराची बहीण आठवीत आहे. आईचा फोन संध्याकाळी त्याच्या हाती असतो, हिच्या हाती भाकरीचे पीठ. मैदानावर ती कधी गेलेली नाही. बिबट्या येण्याच्या आधीही तिच्या आईला कोणी जाऊ दिले नव्हते. मी बसलो होतो तेव्हा ती चुलीपासून मान वळवून पडद्याकडे पाहत होती, आणि भाऊ कोठे चुकला ते तिने मला हळूच सांगितले. ते बरोबर होते. मोबाइलने पोरे बिघडली म्हणून ओरडणाऱ्या एकाही सभेत, पोरींना तो कधी मिळणार, असे कोणी विचारलेले मी ऐकले नाही. येत्या पालकसभेत मी विचारणार आहे.